शिवेपर्यंत सोबत : शकुंतलेच्या वाटेनं सात दिवस

यवतमाळहून मूर्तिजापूरला पायी जातो असं आईला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "करीच्या दिवशी नको निघू." म्हणून संक्रांत आणि कर घरी काढली. १६ जानेवारीला पहाटे सहाला निघालो. पाठीवरच्या पिशवीत एक पांघरूण, दोन जोड कपडे, टॉर्च, पाण्याची बाटली, तळपायाला चोळायला खोबरेल तेल आणि तिनं बांधून दिलेले तिळाचे लाडू होते.

आई मूर्तिजापूरकडची. माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही मामाकडे जायचो ते शकुंतलेनं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेगाडीनं. तिच्याच वाटेनं, पण या खेपेला पायी जायचं होतं.

पहिला दिवस

ही लाइन १९०३ सालची. विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. तो यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथून गोळा करून मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढवायचा आणि मुंबई गाठायची, एवढ्यासाठी अडीच फुटी रूळ टाकले गेले. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून अचलपूरपर्यंत आणखी ७६. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीच्या मालकीची राहिली. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि पुढं एक दिवस गाडीच थांबली.

यवतमाळ मागं पडल्यावर रुळांची कड धरली. कुठं रूळ दिसतात, कुठं ते गवतात बुडालेले, कुठं मधोमध मांडीएवढी बाभूळ उभी. गिट्टीवरून चालणं पायांना परवडत नाही हे अर्ध्या तासात कळलं. मग शेजारची पांदण असेल तिथं पांदण, नसेल तिथं वावराचा धुरा, म्हणजे बांध, असं सात दिवस चाललं.

पहिल्याच गावात एकानं सायकल थांबवून विचारलं, "सर्वे करून रायले का जी?" दुपारपर्यंत हाच प्रश्न तिघांनी विचारला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गासाठी जिल्ह्यात जमिनी गेल्या आहेत. अनोळखी माणूस रुळाच्या कडेनं वही घेऊन चालला की लोकांच्या पोटात गोळा येणारच. मी वही पिशवीत टाकली, ती चालताना पुन्हा बाहेर काढली नाही.

संध्याकाळी लासिना ओलांडून बराच पुढं आलो होतो. एका वावरात तुरीची मळणी आटोपत आली होती. सत्तरीपुढचे एक आजोबा कुटार गोळा करत होते. पाणी मागितलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कोनाचे तुमी?"

हा प्रश्न नाव विचारण्यासाठी नसतो. वडील कोण, मूळ गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, लेकरं किती, वावर आहे की विकलं, हे सगळं त्यात येतं. मी सगळं सांगितलं. वडिलांनी वावर विकून माझं कॉलेज केलं हेसुद्धा सांगितलं, आणि हे मी नागपूरच्या माझ्या सोबत्यांनाही कधी सांगितलेलं नाही. आजोबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता अंधारात कुठं जाता. चाला घरी."

रात्री ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची झणझणीत भाजी आणि कच्चा कांदा. सून वाढत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहून न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवली. ओसरीवर झोपलो. घरात कोणी फार बोललं नाही.

दुसरा दिवस

निघताना आजोबा काठी घेऊन सोबत आले. "धुऱ्यापर्यंत येतो." मी नको म्हटलं. ते म्हणाले, "पाहुन्याले दारातून नसते सोडत."

धुरा जवळ आला तेव्हा ते बोलायला लागले. काल मला लांबून येताना पाहिलं तेव्हा त्यांच्या छातीत धस्स झालं होतं. ते तीन एकर भूदानाचे. त्यांचे वडील सालदार होते, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबले. मालकानं विनोबांच्या मागणीवरून जमीन काढली, त्यातले हे तीन एकर वडिलांच्या वाट्याला आले. ही जमीन विकता येत नाही. सातबारावर तसं लिहिलेलं आहे.

"पायी फिरनाऱ्या मानसानं मागतली म्हनून भेटली ना ही," ते म्हणाले. "अन् काल पाह्यतो तं पुन्हा एक पायी फिरनारा येऊन रायला. वाटलं, न्याले आला का काय."

विनोबा मार्च १९५१ मध्ये वर्ध्याकडून पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली. पुढं ते तेरा-चौदा वर्षं चालतच राहिले. पुस्तकांत हे एकरांच्या आकड्यांनी लिहितात. भूदानात मिळालेली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. पण हे तीन एकर माझ्यासमोर होते, त्यांत तूर पिकली होती, आणि त्या तुरीचे सोले मी रात्री खाल्ले होते. धुऱ्यावर आजोबा थांबले. तिथून पुढं दुसऱ्याचं वावर होतं.

दहा वाजता एका वावरात सहा बाया कापूस वेचताना दिसल्या. तिसरा वेचा होता, बोंडं विरळ. मी सावलीला टेकलो तर एकीनं हटकलं, "बसून काय रायले? या, हात लावा." गेलो. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या नखाच्या कडेला टोचतात आणि अर्ध्या तासात बोटांतून रक्त येतं. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकताना पाला-कचरा येऊ द्यायचा नाही. किलोला दहा रुपये मजुरी. पहिल्या वेच्यांना दिवसाला चाळीस किलो भरतो, आता पंचवीस भरला तरी खूप. माझा दोन तासांत जेमतेम दोन किलो झाला. तो मी शेजारच्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, बाईच्या ओटीत टाकला, आणि ती बोलायला लागली.

तिचा नवरा फवारणीत गेला होता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यांतला तो एक. दुसऱ्याच्या वावरात रोजानं पंप मारायचा. "पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्ती त्या साली. पंप वर धरून मारा लागे. बंदं अंगावर येये." तीन दिवस डोळ्यांना दिसेना, पाचव्या दिवशी संपलं.

नंतर गाड्या आल्या. तिला फोटोखाली बसवून विचारत, कोणतं औषध होतं, किती वाजता चक्कर आली, कर्ज किती.

"त्याईचंबी बरोबर हाय," ती म्हणाली. हात थांबले नव्हते. "पन बंदे मेल्याचंच इचारत. जिता होता तवाचं कोनी इचारलं नाई."

मी विचारलं. तिनं पूर्ण तास संपेपर्यंत सांगितलं. तो भजनात पेटी वाजवायचा. पेटी शिकला कुठं, तर गावात एक फिरता मास्तर येऊन राहिला होता त्याच्याकडून, आणि फी म्हणून मास्तरची बकरी चारायचा. लग्नात त्यानं स्वतःच्याच वरातीत पेटी वाजवली आणि सासरे रागावले. पेटीचा एक सूर बसला आहे, तो दुरुस्त करायला त्यानं दिवाळीचा वायदा केला होता. आता धाकटा पोरगा तो बसलेला सूर वगळून वाजवतो. "वगळून बी बराबर वाजते," ती म्हणाली. तेवढ्यात तास संपला, आणि ती पलीकडच्या तासाला वळली.

हे मी इथं मुद्दाम पूर्ण लिहिलं. विदर्भावर इतकं लिहून आलं आहे आणि त्यात आमची माणसं फक्त मरतात. आकडे मोजायलाच हवेत, ते मोजले नसते तर कोणी जागंही झालं नसतं. पण बसल्या सुराची पेटी कोणाच्याच नोंदीत नाही, आणि ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी लाडखेडच्या जवळ पोचलो. फाट्यापासून तीन किलोमीटर आत एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथं शकुंतलेवर गँगमन असलेले एक काका राहतात हे चहाच्या टपरीवर कळलं.

काकांनी बत्तीस वर्षं एकाच सहा किलोमीटरच्या पट्ट्यावर काम केलं. रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सुटल्या तर ठोकायच्या, ढिले बोल्ट आवळायचे, पावसानं मुरूम वाहून गेला तर तो भरायचा. "तुमी सात दिसाचं काय सांगता, आमचा जनमच पायी गेला." गाडीत माणसं थोडी असायची, तर गार्डच उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचा आणि धावत चढायचा. पण काकांच्या मते गाडीचं खरं काम माणसं नेणं नव्हतंच. निरोप नेणं होतं. गार्डाच्या हातात डबा दिला, पिशवी दिली, की ती पुढच्या स्टेशनावर बरोबर माणसाला मिळायची. नागपंचमीला लेकीला करंज्या जायच्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू जायचे. "त्याचं तिकिट नसे."

ते ऐकून काकू आत गेल्या. जेवणं होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. पाटवडीची रस्सा भाजी होती, तिखट एवढं की डोळ्यांत पाणी यावं. मग त्यांनी एक कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. घरची तुरीची डाळ, तिळाचे लाडू, हिरव्या बांगड्या, एक खण. "तुमी जांबवरून जासान ना? त्याच्या अलीकडं आमची पोरगी हाय. संक्रांतीचं वान हाय."

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

तिसरा दिवस

काका नाल्याच्या पुलापर्यंत आले. हा त्यांच्या सहा किलोमीटरांचा शेवट होता, पलीकडं दुसऱ्या गँगची हद्द सुरू व्हायची. पुलाचे दगड त्यांनी हातानं चाचपून पाहिले.

"पोरीनं आपल्या मनानं केलं," ते म्हणाले. "चार वर्सं झाले. मी बोललो नाई तवापासून."

मी काही बोललो नाही. आम्ही पुलाच्या टोकापर्यंत गेलो.

"पिशवी हिनं देल्ली. माह्या काई निरोप नाई." थोडं थांबून म्हणाले, "फक्त घर पक्कं हाय का, तेवढं पाहून घ्या. पावसाचं घरात पानी येत असन तं तिले लहानपनापासून खोकला हाय."

तिथून दारव्ह्यापर्यंत मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो. रात्री घरात आम्ही तीन तास समोरासमोर बसलो होतो. काकांनी रेल्वेची सगळी माहिती दिली, साहेबांचे किस्से सांगितले, पण हे सांगितलं नाही. आजोबांनीही भूदानाचं ओसरीवर सांगितलं नव्हतं. घरात समोर बसलेल्याला माणूस पाहुणा म्हणून जेवू घालतो. बाजूला चालणाऱ्याकडे पाहावं लागत नाही, डोळे वाटेवर असतात, आणि वाट आता संपणार हे दोघांनाही ठाऊक असतं. पोचवायला येण्याची ही रीत वऱ्हाडात घरोघरी आहे. मी ती नुसती सभ्यता समजत होतो. गाडीनं आलेल्याला लोक दारातूनच हात दाखवतात, कारण गाडीसोबत शिवेपर्यंत जाता येत नाही.

दारव्ह्याला पोचलो तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. मोतीबाग स्टेशनापाशी थोडा वेळ बसलो, फलाटाच्या कडेला गोवऱ्या वाळत होत्या. उरलेला दिवस एका खोलीत मीठ टाकलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून काढला. त्या दिवसाचं याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

चौथा दिवस

दारव्हा ते कारंजा दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. दुपारी उन्हानं गाठलं आणि एका बंजारा तांड्यावर थांबलो. अंगणात म्हातारी माणसं आणि लेकरं, मधल्या वयाचं कोणी नाही. सगळे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले. पाचवीतली एक मुलगी चुलीवर भाकरी टाकत होती. तिच्या मांडीला टेकून लहान भाऊ बसला होता. शाळा सुटल्यावर तिचा हा रोजचा क्रम.

तिच्या आजोबांनी खाट टाकली. लेकरांशी ते गोरबोलीत बोलत, माझ्याशी मराठीत. मी रुळाच्या वाटेनं आलो म्हटल्यावर हसले. "रुळाच्या आधी ही वाट आमची होती."

बंजाऱ्यांची लदेणी म्हणजे हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य घालून मुलूखभर पायी चाललेली वाहतूक. फौजांनाही धान्य त्यांनीच पुरवलं. १८६७ साली मोठी लाइन नागपूरला पोचली, पुढं असे फाटे फुटले, आणि बैलांचं काम गेलं. चालणारी माणसं माळरानावर तांडे टाकून बसली. आजोबांच्या आजोबांनी मिठाच्या गोण्या वाहिल्या होत्या, हे त्यांना घरातल्या गाण्यांतून ठाऊक. "रेल्वेनं आमाले बसवलं. आता रेल्वेच बसली. अन् आमी पुन्हा फिरूनच रायलो."

रात्री तिथंच मुक्काम. सकाळी निघताना तांड्याच्या सीमेपर्यंत ते आले, सोबत ती मुलगीही आली. चालता चालता त्यांनी सांगितलं की ही मुलगी ऊसतोडीहून परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्मली. कोणतं गाव होतं हे कोणालाच आठवत नाही, रात्र होती. दवाखान्यात नेलं नाही म्हणून जन्माचा दाखला नव्हता. शाळेत जन्मगाव विचारलं तेव्हा तांड्याचंच नाव सांगितलं.

मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "पन मले माहीत हाय. आई म्हन्ते, चिंचेचं झाड होतं अन् बाजूले पाण्याची टाकी होती. मी मोठी झाली का पाहून येईन."

पाचवा दिवस

वाट सपाट, दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आलेला. दुपारनंतर सोमठाण्याच्या बाजूला काळविटांचा कळप दिसला. मी उभा राहिलो, ते उभे राहिले, मग ते हरभऱ्यात शिरले. ज्याचा हरभरा होता तो माणूस तोंडानं आवाज करत धावला. इथं पिकं रानडुकरं, रोही आणि काळविटांपासून वाचवायला रात्रभर जागल करावी लागते. मचाणावर शेकोटी, हातात पत्र्याचा डबा. त्यानं मला घाट्यांची एक पेंडी दिली आणि म्हणाला, "त्याईनं खाल्ले तसे तुमीबी खा." तीन रात्री तो सलग झोपला नव्हता, तरी त्या कळपाबद्दल बोलताना शिवी देत नव्हता.

कारंज्याला अंधार पडता पोचलो. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, गुरुमंदिरात बाहेरगावची माणसं बरीच होती. इथल्या जैन मंदिरांत जुन्या अपभ्रंश हस्तलिखितांचा मोठा ठेवा सांभाळला गेला आहे. पण मी इतका थकलो होतो की दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि झोपलो. पिशवी उशाला होती. बांगड्या फुटू नयेत म्हणून त्या मी माझ्या सदऱ्यात गुंडाळल्या होत्या.

सहावा दिवस

कारंज्याच्या पुढं समृद्धी महामार्ग आडवा येतो. मी खालून गेलो. वरून गाड्या ताशी शंभर-एकशेवीसनं जात होत्या, दिसत नव्हत्या, फक्त आवाज. त्या रस्त्यावर दुचाकीलाही मनाई आहे, पायी माणसाचा तर प्रश्नच नाही. नागपूरहून मुंबईकडे मीही त्यावरून गेलो आहे, आणि पुन्हा जाईन. दवाखाना गाठायला तो रस्ता हवाच. पण तेव्हा हे वावर, हा पूल, खाली बसून डबा खाणारे हे दोन मेंढपाळ मला दिसले नव्हते. त्यांनी मला ठेचा दिला.

जांबच्या अलीकडचं गाव दुपारी आलं. नाव विचारत गेलो, तिसऱ्या घरी सापडलं. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, दारात गहू पाखडत होती. अनोळखी माणूस पाहून उभी राहिली.

"लाडखेडकडून आलो," मी म्हटलं. "आईनं वाण पाठवलं आहे."

तिनं पिशवी घेतली नाही. माझ्या पायांकडे पाहिलं, धुळीनं भरलेल्या चपलांकडे पाहिलं. "पायी आले?"

"हो."

"एवढ्यासाठी?"

मी म्हटलं, तसं नाही, मी येतच होतो. मला वाटतं तिला ते ऐकू आलं नाही. तिनं पिशवी घेतली, देवापाशी नेऊन ठेवली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तोवर तिचा नवरा वावरातून आला. त्यानं पाणी दिलं, कोणाचे, कुठले, सगळं विचारलं. सासऱ्यांनी आपल्याला कधी घरात घेतलं नाही याचा राग त्याच्या बोलण्यात शोधूनही सापडला नाही. म्हणाला, "गँगमन हायत ना ते. एक चावी ढिली राह्यली तरी त्याईले झोप येत नाई, हे सांगते ही."

मी घर पाहून घेतलं. विटांचं, वर स्लॅब. मागची भिंत अजून गिलाव्याची बाकी, पण कुठं ओल नाही. मोरीत नळ. खिडकीला जाळी. दोन वर्षांची मुलगी झोळीत झोपली होती. काकांनी फक्त घराचं विचारलं होतं, नातीचं नाही. तिचा जन्म त्यांना ठाऊक होता की नव्हता, मला अजून माहीत नाही.

रात्रीचा मुक्काम तिथंच. कढीगोळे केले होते.

सातवा दिवस

सकाळी दोघंही पोचवायला निघाले, पण वेशीजवळ नवरा म्हशीचं निमित्त काढून मागं थांबला. मुलगी एकटी पुढं आली. कडेवर लेक.

"बाबाचा उजवा गुडघा दुखते," ती म्हणाली. "थंडीत जास्त. रोज रुळावर वाकून वाकून झालं ते." तिनं पदराखालून तेलाची बाटली काढली. निरगुडीचा पाला घालून घरीच उकळलेलं तिळाचं तेल. "तुमी तं आता तिकडं मूर्तिजापूरले चालले. पायी कोनी तिकडं जानारं असन तं..."

मी बाटली घेतली.

मूर्तिजापूर दुपारी आलं. मोठ्या लाइनीवरून मालगाडी जात होती, तिचे डबे मोजता मोजता चुकलो. मामाचं घर आता दुसऱ्याचं झालं आहे. याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगे महाराज मामाकडे वाढले, मामाच्या वावरात राबले आणि १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडून पायी निघाले. गावात शिरले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि मग कीर्तन. आधी हात लावायचा, मग बोलायचं. कापसाच्या त्या तासात माझ्याही हे लक्षात यायला हवं होतं, आलं ते इथं, त्यांच्या मुलुखात पोचल्यावर.

आईला फोन केला. पोचलो म्हटलं. तिनं विचारलं, "लाडू पुरले का?" मी म्हटलं, वाटेत वाटले. "मग बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परत निघालो. कारंजा, दारव्हा. खिडकीतून तांडा कुठला हे ओळखायचा प्रयत्न केला, ओळखता आला नाही. सात दिवसांची वाट सकाळच्या सकाळी मागं गेली. यवतमाळचं तिकीट होतं, तरी लाडखेडच्या फाट्यावर उतरलो. फोडांनी भरलेल्या पायांनी तीन किलोमीटर आत गेलो.

काका अंगणात लाकडं फोडत होते. काकू आतून धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

"पक्कं आहे," मी म्हटलं. "विटांचं, वर स्लॅब. कुठं ओल नाही. खिडकीला जाळी आहे."

काकांनी कुऱ्हाड खाली ठेवली. मी बाटली दिली. त्यांनी बूच काढून वास घेतला, परत घट्ट लावलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. चहा झाला. साडेचारच्या एसटीला जायचं होतं म्हणून मी उठलो.

"चाला," ते काठी घेत म्हणाले. "फाट्यापर्यंत येतो."

वेशीबाहेर पडलो तसं ते म्हणाले, "आता बंदं सांगा. पयल्यापासून सांगा."